प्रोजेक्टवाले सर

खडू हल्ली आमच्या कॉलेजात एकाच माणसाच्या पिशवीत हमखास सापडतो, आणि तो माणूस म्हणजे तंत्रज्ञानाचा सगळ्यात मोठा भक्त. त्या पिशवीत एक्स्टेन्शन बोर्ड, एचडीएमआय केबल, जुन्या प्रोजेक्टरसाठी कन्व्हर्टर, कॉलर माइक, सेलोटेप आणि दोन पॉवर बँका असतात. तळाशी एका डबीत खडूचे चार तुकडे. त्यांना सर 'बॅकअप' म्हणतात. आठवड्यातले चार दिवस वर्ग बॅकअपवरच चालतो, हा भाग वेगळा.

सर इंग्रजी शिकवतात आणि जोडीला पत्रकारितेचा सर्टिफिकेट कोर्स चालवतात. मी मराठी शिकवतो. स्टाफरूममध्ये आमची कपाटं शेजारीशेजारी, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक प्रोजेक्टचा पहिला बळी मी.

२०२० पर्यंत ते चारचौघांसारखेच होते. एम.ए.ला असताना काढलेल्या, कडा पिवळ्या पडलेल्या नोट्स दरवर्षी वाचायचे. विनोद कुठे करायचा तेही समासात लिहिलेलं असे. लॉकडाऊनमध्ये समोर नुसते काळे चौकोन आले. सरांनी ठरल्या जागी विनोद केला आणि कुणी हसलं की नाही तेच कळेना. वीस वर्षं मुलं विनोदाला हसत होती की आपल्याला, हा प्रश्न त्यांना तेव्हा पहिल्यांदा पडला असावा. कॉलेज पुन्हा सुरू झालं तेव्हा नोट्स रद्दीत गेल्या होत्या आणि त्यांच्या जागी किलपॅट्रिक आला होता. विल्यम किलपॅट्रिक या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञानं १९१८ साली 'द प्रोजेक्ट मेथड' हा निबंध लिहिला. मुलांनी मनापासून हाती घेतलेल्या कामातून शिकावं, हे त्यातलं सार. सर त्याच्याविषयी असं बोलतात की जणू तो परवाच आमच्याकडे अर्धा कप चहा घेऊन गेला.

प्रोजेक्ट म्हटला की गट आला. चौघांच्या गटात एक काम करतो, दुसरा झेरॉक्स काढतो, तिसरा पहिल्या पानावर गणपती टाकतो आणि चौथ्याचं नाव आडनावासकट शुद्ध लिहिलेलं असतं, ही आपली परंपरा. सरांनी ती गूगल डॉक्सनं मोडली. कुणी किती वाजता काय लिहिलं नि काय खोडलं, ते सगळं त्यात दिसतं. "तू रात्री ११ वाजून ५२ मिनिटांनी आलास, एक स्वल्पविराम दिलास आणि झोपलास," असं भर वर्गात ऐकल्यावर एका मुलानं दुसऱ्या दिवशी आईला कॉलेजात आणलं. सर घरी कॅमेरा लावून बघतात, अशी माउलीची तक्रार होती.

पॉडकास्टचा स्टुडिओ ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत आहे. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना सरांच्या घरच्या तीन गोधड्या टांगल्यात. पहिला भाग 'गावाकडच्या एसटीचं वेळापत्रक' या विषयावर रेकॉर्ड झाला. गोधड्यांची ऊब लागून कोपऱ्यात शिपाईमामा झोपले होते. ऐकणाऱ्यांना वाटलं, मागे एसटीच सुरू आहे. सरांनी तो आवाज काढला नाही. "ॲम्बियन्स!" म्हणाले.

पण सरांचा तास बघावा तो मुलाखतींच्या इंग्रजी तर्जुम्याच्या दिवशी. कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसं हे बातमीचे सहा प्रश्न. हेच सहा जण रडयार्ड किपलिंगनं आपले इमानी नोकर म्हणून एका कवितेत मिरवलेत, आणि तो जन्मला आपल्या मुंबईत, जे.जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात, हे सांगताना सरांची छाती अशी फुगते की बाळंतपण त्यांच्याच घरी झालं असावं. तर मुलं हे सहा नोकर घेऊन पाणीयोजनेवर ग्रामपंचायतीत गेली. 'का' आणि 'केव्हा' हे दोघे रिकाम्या हातानं परतले. सगळ्या प्रश्नांना मिळून उत्तर आलं एकच : "बघू." आता 'बघू'चं इंग्रजी काय? एक म्हणाला, 'आय विल सी'. दुसरी म्हणाली, 'लेट अस सी'. वाद अर्धा तास चालला. मला मराठीतला तज्ज्ञ साक्षीदार म्हणून बोलावण्यात आलं. मी म्हटलं, यात कर्ता नाही, कर्म नाही, आणि काळ तर नाहीच नाही. शेवटी सरांनी बॅकअपमधला खडू काढला आणि फळ्यावर दोनच अक्षरांचा तर्जुमा लिहिला : 'नो'. त्या दिवशी मुलं जेवढं इंग्रजी शिकली तेवढं व्याकरणाच्या पुस्तकातून शिकली नसती. मराठीही शिकली, पण त्याचे गुण माझ्याकडे नव्हते.

यंत्रांचं कौतुक म्हणावं तर सर त्यांच्या नादीही लागत नाहीत. एकानं गावच्या यात्रेचा वृत्तान्त चॅटजीपीटीकडून लिहून आणला. 'आय ॲम बिलाँगिंग फ्रॉम' म्हणणाऱ्या पोराचं गाव एकाएकी हिरव्या डोंगरांत 'नेस्टल्ड' झालं आणि शेजारून नदी वाहू लागली. सर रागावले नाहीत. त्यांनी त्या कागदाच्या चाळीस प्रती काढल्या आणि यातलं खोटं शोधा, असा नवा प्रोजेक्ट दिला. पोराच्या गावाला नदी नाही, टँकर येतो. त्यालाच त्यात पैकीच्या पैकी गुण मिळाले.

६ जानेवारीला, पत्रकार दिनी, सर भित्तिपत्रक काढतात. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली याच तारखेला 'दर्पण' सुरू केलं, आणि ते मराठी-इंग्रजी अशा जोडस्तंभांत छापलं जायचं. म्हणून आमचंही तसंच. डावा स्तंभ माझ्या गळ्यात.

यंदाच्या पत्रकाचा विषय होता, 'कॉलेजच्या माहितीपत्रकाची सत्यता-पडताळणी'. सरांनी तो उत्साहाच्या भरात दिला आणि नंतर त्यांना घाम फुटला असावा. माहितीपत्रकात छापलंय : 'स्मार्ट पॅनेलद्वारे अध्यापन'. दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीनं नेमकं तेच वाक्य उचललं. पॅनेल आहे, ही गोष्ट खरी. नवं राहावं म्हणून त्याचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही. खोलीला कुलूप, किल्ली ऑफिसात. मुलीनं किल्लीचं रजिस्टर पाहिलं. उद्घाटन, कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती आणि एकदा आत शिरलेली पाल, अशा तीन नोंदी होत्या. एका स्रोतावर बातमी करायची नाही, ही सरांचीच शिकवण, म्हणून तिनं शिपाईमामांनाही विचारलं. त्यांनी पालीला दुजोरा दिला.

मग ती स्टाफरूममध्ये आली आणि सरांपुढे मोबाइल धरून इंग्रजीत प्रतिक्रिया मागितली. सर गडबडले. "आय हॅव टोल्ड ऑफिस मेनी टाइम, बट दे आर नॉट लिसनिंग," असं भडाभडा बोलून बसले, आणि दाराकडे बघत घाईनं म्हणाले, "धिस इज ऑफ द रेकॉर्ड हं."

"सर, ऑफ द रेकॉर्ड बोलायच्या आधी ठरवायचं असतं," ती म्हणाली. "बोलून झाल्यावर नाही. तुम्हीच सांगितलंय. तिसरा तास."

मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

सर बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. माहितीपत्रक छापणारं ऑफिस, त्यांची रजा मंजूर करणारं ऑफिस आणि किलपॅट्रिक, असे तिघेही त्यांच्या डोळ्यांपुढून गेले असावेत. मग त्यांनी बातमीचा कागद मागितला. आता हे वाक्य उडणार, अशी माझी खात्री. सरांनी पेन काढलं, आपल्याच वाक्यावर आणलं आणि 'टाइम'पुढे फक्त एक 'एस' जोडायला गेले.

"अवतरणातला शब्द बदलायचा नाही ना, सर?"

पेन थांबलं. सरांनी टोपण लावलं, पिशवीतून गुणपत्रक काढलं आणि 'अचूकता' या रकान्यात दहापैकी दहा लिहिले.

भित्तिपत्रक प्राचार्यांच्या केबिनसमोर लागलं, कारण भिंत तेवढीच मोकळी होती. डाव्या स्तंभात मी सरांचं वाक्य मराठीत व्यवस्थित बसवलं होतं. उजवीकडे ते होतं तसंच होतं. प्राचार्यांनी सरांना आत बोलावलं. दहा मिनिटांनी ते बाहेर आले. काय झालं विचारलं तर म्हणाले, "किल्लीचं बघू म्हणालेत." आणि त्या शब्दाचं इंग्रजी आठवून स्वतःच हसले.

पण प्रोजेक्ट झाला की नॅकसाठी त्याचा पुरावा लागतो. सरांनी भित्तिपत्रकाचा जिओटॅग फोटो काढला, नियमाप्रमाणे निकष क्रमांक दोन, अध्यापन-अध्ययन आणि मूल्यमापन, या फाइलीत लावला. आता तो तिथे कायम आहे : अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ आणि 'एस' नसलेला 'टाइम'.