टोपड्याचं संकरित वाण

बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात ‘महिको’ ही बियाणे कंपनी सुरू केली आणि हे गाव बियाण्यांचं झालं. संकरित वाणाची मूळ नर-मादी वाणं कंपन्या जिवापाड जपतात. घरी राखलेलं संकरित बी पुढच्या हंगामात तसंच उगवत नाही, म्हणून शेतकरी दरवर्षी पुन्हा दुकानात.

विणकाम करणाऱ्या मावशींना मूळ स्वतःकडे राखायचं हे तंत्र शिकवावं लागलं नाही.

बाळाच्या टोपड्याचा नमुना मागा. “घे की गं, त्यात काय लपवायचंय!” सुलट-उलट सगळं वहीत उतरतं, फक्त टाके कमी करायच्या ओळी तेवढ्या गळतात. टोपड्याची नळी होते, बाटलीवर छान बसते. मग पुन्हा मावशींच्या दारात.

तेव्हा नमुन्याबरोबर विणलेलं टोपडंही मागून घ्या आणि ओळी स्वतः मोजा.