दाखल्यातला उपदेश

दहावीची परीक्षा जवळ येऊन ठेपली, म्हणजे माघाच्या सुमारास, महाराष्ट्रातल्या शाळाशाळांतून निरोपसमारंभांचा हंगाम सुरू होतो, आणि निवृत्त अधिकारी, पतपेढ्यांचे अध्यक्ष व पंचक्रोशीतील यशस्वी कंत्राटदार, ज्यांचा उपदेश स्वगृही ऐकून घेणारे कोणी उरलेले नसते, ते सरस्वतीच्या तसबिरीला हार घालून परक्यांच्या मुलांना जीवनाचे रहस्य सांगू लागतात. या व्याख्यानांचा मजकूर बहुधा कायम असतो. १८५९ साली मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक झाली व तीत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर उत्तीर्ण झाले, हा इतिहास कथन करून वक्ते समोर मांडी घालून बसलेल्या समुदायाकडे अशा काही अपेक्षेने पाहतात की, जणू त्या दोघांच्या जागा तेव्हापासून रिक्तच असून त्यांची जाहिरात येत्या पंधरवड्यात निघावयाची आहे.

त्यानंतर टिळकांच्या नावावर सांगितली जाणारी शेंगांच्या टरफलांची गोष्ट येते. जे आपण केले नाही त्याचे प्रायश्चित्त घेऊ नका, अन्यायापुढे मान तुकवू नका, असे आवाहन होते. टाळ्यांचा कडकडाट होतो. पाहुण्यांची मोटार फाटकाबाहेर पडते न पडते तोच व्यवस्थापक मंडळाने रिकाम्या केलेल्या बशा उचलण्याचा व सतरंज्या झटकून घड्या घालण्याचा हुकूम सुटतो, आणि आत्ताच टाळ्या वाजवून लाल झालेल्या तळव्यांनी मुले ते काम इमानेइतबारे उरकतात. या बशांतला चिवडा आम्ही खाल्लेला नाही, असे म्हणण्याची बुद्धी त्यांतल्या एकालाही होत नाही, यावरून शाळेचे दहा वर्षांचे संस्कार वाया गेले असे कोण म्हणेल?

तात्पर्य, विद्यार्थिमित्रहो, व्यासपीठावरचा उपदेश विसरलात तरी चिंता नाही. खरा उपदेश निकालानंतर कचेरीच्या खिडकीतून, सही-शिक्क्यानिशी, एका कागदावर मिळतो. त्यास शाळा सोडल्याचा दाखला म्हणतात. कोणत्याही वक्त्याने जे सांगण्याचे धैर्य केले नाही, ते त्याच्या रकान्या-रकान्यांत लिहिलेले असते.

पहिला रकाना नावाचा. आईवडिलांनी तुमचे नाव काही का ठेवलेले असेना, जनरल रजिस्टरात लेखनिकाच्या हातून जे उतरले तेच यापुढे तुमचे नाव होय. त्यातला एखादा काना गळालेला आढळल्यास तो परत मिळविण्यासाठी अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि शिक्षण खात्याची मान्यता एवढे सोपस्कार करावे लागतात. सबब नाव बदलण्यापेक्षा स्वतःस बदलून घेणे पुष्कळांना स्वस्त पडते.

दुसरी नोंद जन्मतारखेची, अंकी व अक्षरी. तुमच्या आजोबांच्या पिढीत जन्माची टिपणे घरोघरी नसत; जून उजाडला की गुरुजी वाडीवस्तीवर जाऊन पोरे गोळा करीत, आणि पोराची उंची व बापाची मुद्रा पाहून वयाचा अदमास बांधीत व ‘१ जून’ लिहून मोकळे होत. त्यामुळे एरवी कोणत्याच प्रश्नावर एकमत न होणाऱ्या या राज्यात हजारो प्रतिष्ठित इसम एकाच दिवशी जन्मलेले आढळतात; आणि महिन्याच्या पहिल्या तारखेस जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो असा सरकारी नियम असल्याने, दर साली ३१ मे रोजी कचेऱ्याकचेऱ्यांतून नारळ, शाली व सद्गदित भाषणे यांची एकच गर्दी उडते. ज्या गुरुजींनी एका टाकाच्या फटकाऱ्याने कुणाची नोकरी दोन वर्षांनी लांबविली व कुणाची तितकीच आखूड केली, त्यांच्याएवढी सत्ता पुढे कोणा सचिवाच्याही हाती आली नाही. यावरून बोध घ्या, की मनुष्य जन्मतो केव्हा याला महत्त्व नाही; तो दप्तरी दाखल केव्हा होतो याला आहे.

तिसरा रकाना जातीचा. भाषणात जात ही नष्ट झालेली वस्तू असते, दाखल्यात ती पोटजातीसह नमूद असते. उद्या आरक्षित जागेवर प्रवेश मागावयास जाल तेव्हा पडताळणी समिती तुमची गुणपत्रिका पाहून संतुष्ट होणार नाही. ती वडिलांचा, जमल्यास आजोबांचा, शाळेचा दाखला मागेल. मग ज्या आजोबांनी दुसरीत शाळेला रामराम ठोकला, त्यांच्या त्या अल्प विद्याभ्यासाचा पुरावा शोधीत सारे घर जिल्हा परिषदेच्या शाळेतील वाळवी लागलेली रजिस्टरे चाळीत बसेल. म्हणून दाखल्याच्या सत्यप्रती आजच काढून ठेवा, आणि मूळ प्रत महाविद्यालयाच्या हवाली करताना पोच घेण्यास विसरू नका. नातवंडे दुवा देतील.

प्रगतीच्या रकान्यात ‘समाधानकारक’ असे लिहिलेले आढळेल. समाधान कोणाचे, हे विचारू नये. पस्तीस गुणांवर उत्तीर्ण करणाऱ्या व्यवस्थेचे समाधान होण्यास फारसे लागत नाही, आणि त्या बाबतीत ती आपल्या सर्व सार्वजनिक बांधकामांशी सुसंगत आहे.

राहता राहिली वर्तणूक. येथे शेरा एकच: ‘चांगली’. ज्याने वर्गातल्या मुलांची फी परस्पर गोळा करून भरून दिली त्याची चांगली, आणि ज्याने मागच्या बाकाखाली सुतळी बॉम्ब लावला त्याचीही चांगलीच. नावासाठी प्रतिज्ञापत्र, जन्मतारखेसाठी खातरजमा, जातीसाठी समिती. आणि अधिकाराविना नोंदीत बदल केल्यास कारवाई होईल अशी तंबी खाली छापलेली असते ती वेगळीच. वर्तणुकीबद्दल मात्र उभ्या आयुष्यात कोणी एक चिठोरेही मागत नाही. या रकान्याची पडताळणी करणारी समिती शासनाने अद्याप का नेमली नाही, याचे कुतूहल वाटल्यास एवढेच लक्षात घ्या, की समिती म्हटली म्हणजे तिला अध्यक्ष लागतो, निदान दोन सभासद लागतात, आणि नेमणुकीपूर्वी त्यांचीही पडताळणी करावी लागते.