सातवा रॉड

भाऊंना मासेमारीचा नाद आहे असं लोक म्हणतात. तसं काही नाही. भाऊंना निवडीचा नाद आहे, मासा निमित्तमात्र.

त्यांना आपण भाऊच म्हणू, कारण ही एक व्यक्ती नसून जमात आहे. डॅलसच्या उत्तरेला, फ्रिस्को-प्लेनोकडे, मराठी घरांत दर दोन-तीन गल्ल्यांमागे एक भाऊ निघतो. वय पन्नाशीच्या अलीकडे, नोकरी संगणकातली, ग्रीन कार्ड आलेलं, लेक कॉलेजला गेलेली आणि गुडघ्यांनी बॅडमिंटनला नकार दिलेला. अशा नाजूक वेळी ऑफिसातला कोणी अमेरिकन सहकारी शनिवारी त्यांना तळ्यावर नेतो, हातात स्वतःचा रॉड देतो आणि पाण्यातून एक हिरवट, कुशीवर काळा पट्टा असलेला, जबडा डोळ्यांच्याही मागे गेलेला मासा उसळी मारून बाहेर येतो. लार्जमाउथ बॅस. वहिनींच्या सांगण्याप्रमाणे त्या दिवशी मासा सुटला आणि हे लागले.

दुसरा कोणी असता तर संध्याकाळी दुकानात जाऊन एक रॉड घेऊन आला असता. भाऊंनी एक्सेल उघडलं. लांबी, पॉवर, ॲक्शन, आमिषाचं वजन, गिअर रेशो, बेअरिंगची संख्या, किंमत, परतीची मुदत. शेवटचा रकाना 'शेरा'. पहिला रॉड यायला तीन महिने लागले आणि तो येईपर्यंत भाऊंची खात्री झाली होती की एका रॉडने काही होत नाही.

याबद्दल त्यांना विचारू नये. आम्ही एका गणपतीत, आरती आणि जेवण यांच्या मधल्या वेळात, विचारलं.

"पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो ते, आणि ॲक्शन म्हणजे तो कुठून वाकतो ते," भाऊ म्हणाले. "लोक या दोन्हींत गल्लत करतात." हे म्हणताना त्यांचा चेहरा दुखावलेला होता. फास्ट ॲक्शनचा रॉड टोकाकडेच वाकतो, मॉडरेट पार मध्यापर्यंत वाकतो. क्रँकबेट नावाच्या, पोटाला तीन-तीन टोकांचे बारीक गळ लावलेल्या नकली माशाला मॉडरेट हवा. रॉड ताठ असला तर झटक्यात ते गळ माशाच्या तोंडातून निसटतात. उलट रबरी गांडुळाला एकच जाड गळ, तोही गांडुळाच्या पोटात लपवलेला. तो जबड्यात रुतवायचा तर मीडियम-हेवी पॉवर, फास्ट ॲक्शन. कमळाच्या पानांवरून रबरी बेडूक ओढायचा असेल तर हेवी, सव्वासात फुटी, कारण तिथे माशाबरोबर पाच किलो शेवाळही वर काढावं लागतं. पाणी नितळ असेल आणि मासे रुसलेले असतील तर नाजूक स्पिनिंग रॉड.

वैताग असा की यातलं एक अक्षरही खोटं नाही. भाऊ थापा मारत असते तर आपण हसून जेवायला बसलो असतो. प्रत्येक रॉडमागे शास्त्र आहे, आणि शास्त्राला अंत नाही. तेव्हा गॅरेजात सहा रॉड होते. गाडी बाहेर उन्हात.

वहिनींपुढे मात्र शास्त्र चालत नाही, तिथे भाऊ व्यवहाराची भाषा वापरतात. "तुझ्याकडे पोळीचा तवा वेगळा, डोशाचा वेगळा, भाकरीचा वेगळा. मी कधी विचारलं का?"

"माझ्या प्रत्येक तव्यावरून काहीतरी ताटात येतं," वहिनी म्हणाल्या.

या वाक्यानंतर पाचवा आणि सहावा रॉड ऑफिसच्या पत्त्यावर आले.

रॉड पाहायला भाऊ ग्रेपवाइनच्या बास प्रो शॉप्समध्ये जातात. जॉनी मॉरिस यांनी १९७२ साली मिझुरीतल्या स्प्रिंगफील्डला, वडिलांच्या दारूच्या दुकानातल्या एका कोपऱ्यात गळ-आमिषं विकायला सुरुवात केली, तिथून आज या दुकानांत माणूस हरवण्याइतका पसारा झालाय. आत काचेच्या हौदात जिवंत बॅस पोहत असतात. भाऊ त्यांच्याकडे बघतही नाहीत. ते सरळ रॉडच्या रांगेत शिरतात आणि रॉडची संवेदनशीलता तपासतात. तळाला चिखल आहे, खडे आहेत की लाकूड, आणि माशाने आमिषाला नुसतं हुंगलं की तोंडात धरलं, हे कार्बनचा चांगला रॉड तळहाताला सांगतो. दुकानात तळ नसतो, म्हणून जुने गळवाले एक युक्ती करतात: रॉडचं टोक दुसऱ्याच्या गळ्याला टेकवायचं, त्याला बोलायला लावायचं आणि मुठीत कंप येतो का ते बघायचं. भाऊंनी टोक वहिनींच्या गळ्याला लावलं. "काहीतरी बोल."

"घरी चला."

"घ अगदी स्पष्ट आला," भाऊ म्हणाले, आणि तो रॉड घेतला.

रीलच्या बाबतीत तर ते भाविकच आहेत. अमेरिकेत बॅससाठी वापरायचं रील एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला केंटकीतल्या घड्याळजींनी घडवलं, जॉर्ज स्नायडर हा त्यांतला आद्य. ही गोष्ट भाऊ अशा आवाजात सांगतात की आपण नकळत पाय जवळ घेऊन बसतो. मग रेशो. ७.१:१ म्हणजे मूठ एकदा फिरवली की लाइनचं रीळ सात पूर्णांक एक दशांश वेळा फिरतं. गांडूळ-बेडकाला जलद रील हवं, कारण मासा आमिष घेऊन तुमच्याच दिशेने पळाला तर ढील झटकन गोळा करावी लागते. पाणी कापत खोल जाणाऱ्या क्रँकबेटला पाचच्या आसपासचं संथ रील, नाहीतर मनगट दुखतं आणि आमिष उगाच धावतं. भाऊंचं मनगट तरीही दुखतं; पण ते मासेमारीने नव्हे, माउसने.

बेटकास्टिंग रीलचा एक स्वभाव आहे. फेकताना रीळ स्वतः फिरतं. आमिष हवेत मंदावलं आणि रीळ मंदावलं नाही, तर मागून येणारी लाइन पुढच्या लाइनवर चढते आणि क्षणार्धात अंगठ्याखाली असा गुंता होतो की तो सोडवताना माणसाला आपल्या आयुष्याचा फेरविचार करायला पुरेसा वेळ मिळतो. हा बॅकलॅश. तो टाळायला चुंबकाचे ब्रेक असतात, केंद्रोत्सारी ब्रेक असतात, ताण कमी-जास्त करायची चकती असते, आणि शेवटी स्वतःचा अंगठा असतो. पहिल्या तिन्हींवर पैसे खर्च करता येतात म्हणून भाऊंचं लक्ष तिकडे जास्त. अमेरिकन गळवाल्यांनी या गुंत्याला 'प्रोफेशनल ओव्हररन' असं भारदस्त नाव ठेवलंय. भाऊंनी ते लगेच उचललं. ऑफिसातल्या प्रोजेक्टलाही ते हल्ली वापरतात.

अंगठा तयार करायला ते घरापुढच्या हिरवळीवर रबरी वजन फेकतात. कुत्रं फिरवणारा शेजारी रोज संध्याकाळी थांबून विचारतो, काही लागतंय का? भाऊ गांभीर्याने सांगतात, आज वारा समोरून आहे.

अशात देवगडहून आबा आले. भाऊंचे वडील, वय अठ्ठ्याहत्तर, सहा महिन्यांच्या व्हिसावर. आबांनी सगळा जन्म खाडीत गरी टाकली. त्यांचं सामान म्हणजे लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळलेला तंगूस, एक शिसं, एक गरी, आणि आमिषाला कोलंबी. रॉड नाही. रील नाही. ब्रेक म्हणजे तर्जनी. गॅरेजात शिरल्यावर आबा बराच वेळ वर बघत उभे राहिले, मग म्हणाले, "पडदे खंयचे लावतलंस?"

भाऊंनी त्यांना लाइन समजावली. आबांच्या दृष्टीने तंगूस हा तंगूस. जाड किंवा बारीक. भाऊंच्या कपाटात तीन जाती. नायलॉनचा मोनोफिलामेंट, जो ताणला जातो आणि सहजी बुडत नाही, म्हणून पाण्याच्या पृष्ठभागावर उड्या मारणाऱ्या आमिषाला बरा. फ्लोरोकार्बन, जो पाण्यात बुडतो आणि माशाला कमी दिसतो म्हणतात, कारण पाण्याचा अपवर्तनांक १.३३, याचा १.४२, नायलॉनचा १.५ च्या पुढे. आणि ब्रेड: पॉलिथिलीनच्या धाग्यांची वेणी, ताण जवळजवळ शून्य, केसाएवढ्या जाडीत बैल बांधण्याची ताकद; बेडकाच्या आमिषाला पन्नास-पासष्ट पौंडांची. पण ती दिसते, म्हणून तिच्या टोकाला हातभर फ्लोरोकार्बन जोडायचा. जोडायची एफजी नावाची गाठ भाऊ ऑफिसच्या मीटिंगमध्ये, कॅमेरा बंद करून, खुर्चीच्या हाताला मारून शिकले. त्या खुर्चीवरून आता उठता येत नाही, लाइन अडकते.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. "आणि मासो?"

मासा लेक फोर्कला आहे. डॅलसच्या पूर्वेला, सुमारे २७,००० एकरांचं पाणी, बुडालेली झाडं तशीच उभी ठेवलेली, फ्लोरिडा जातीचे बॅस मुद्दाम सोडलेले. टेक्सासचा विक्रम इथलाच: १९९२ चा जानेवारी, १८.१८ पौंड. ज्याने तो धरला तो त्या दिवशी क्रॅपी नावाच्या लहान माशासाठी मिनो, म्हणजे आमिषाची चिमुकली मासळी, लावून बसला होता. जगाचा विक्रम तर आणखी अडचणीचा. १९३२ साली जॉर्जियात जॉर्ज पेरी नावाच्या तरुण शेतकऱ्याने २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे दहा किलोंवरचा बॅस काढला. शेत ओलं, नांगरता येईना, म्हणून मित्राबरोबर गळ टाकायला गेलेला. दोघांत मिळून एकच रॉड. मासा घरी नेऊन खाल्ला.

मी हे मुद्दाम भाऊंसमोर काढलं. भाऊ डगमगले नाहीत. "त्या विक्रमाची बरोबरी कोणी केली? २००९ साली, बिवा सरोवरात, मानाबु कुरिता. जपानी. आणि उत्तम रीलं कुठली? जपानी." यापुढे वाद घालायला माझ्याकडे रील नव्हतं.

आता वाचक मनाशी म्हणत असेल की तळ्यावर आबांनी लाकडी तुकड्यावरचा तंगूस सोडला आणि अजस्र बॅस काढून पोराचं नाक कापलं. तसं व्हायला हवं होतं. झालं असं की आबांना दिवसभर काही लागलं नाही. परवाना काढून मासे धरायचे, याचाच धक्का त्यांना दुपारपर्यंत पुरला. भाऊ सहा रॉड घेऊन आलेले. ढग आला की रॉड बदलत, ढग गेला की पुन्हा बदलत. आमिष पाण्यात असण्याची वेळ एकूण फारच थोडी. त्या थोड्या वेळातच कधीतरी मीडियम-हेवीचं टोक थरथरलं, भाऊंनी झटका दिला आणि बऱ्याच झटापटीनंतर एक ठणठणीत बॅस हातात आला. मोजपट्टीवर अठरा इंच. फोटो काढला. हात ओले करून, दोन्ही हातांनी, अगदी हळुवार, भाऊंनी तो पाण्यात सोडून दिला.

आबा उभेच राहिले. "सोडलंस?"

लेक फोर्कचा नियम आहे: सोळा ते चोवीस इंचांमधला प्रत्येक बॅस सोडायचा, मोठे मासे टिकावेत म्हणून. शिवाय धरलेला बॅस जिवंत सोडावा ही रीत रे स्कॉट या अलाबामाच्या माजी विमा एजंटाने, ज्याने १९६७ मध्ये बॅसच्या आधुनिक स्पर्धा सुरू केल्या, १९७२ पासून खेळाडूंत रुजवली. भाऊंनी हे सगळं सांगितलं.

"मगे आपण इलंव कित्याक?"

भाऊंकडे उत्तर नव्हतं. त्यांनी आबांच्या हातात रॉड दिला. विषय बदलायला दिला असावा. आबांनी एकदा फेकला, गुंता झाला. पण चाळीस वर्षं जाळी दुरुस्त केलेली बोटं. तो त्यांनी बघता बघता सोडवला. दुसऱ्यांदा फेकताना ताणाची चकती स्वतःच थोडी आवळली. तिसऱ्यांदा आमिष झाडांच्या बुंध्यांपाशी अलगद पडलं, आवाज न करता, आणि आबांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला वहिनींची काळजी वाटली. आबांनी रील उलटं करून पाहिलं. "ह्येचो रेशो किती?"

त्यानंतर गॅरेजात दोन खुर्च्या पडल्या. खाडीसाठी काय घ्यावं, हा नवा प्रश्न होता आणि तो भाऊंनी आयुष्यभर वाट पाहिल्यासारखा हातात घेतला. खाऱ्या पाण्यात बेअरिंग गंजतात. खडकावर ब्रेड घासून तुटते. एकसंध सातफुटी रॉड विमानात न्यायचा कसा? मग चार तुकड्यांचा प्रवासी रॉड. पण जोडावर संवेदनशीलता किती जाते? एक्सेलमध्ये 'देवगड' नावाचं पान उघडलं. आबा चष्मा लावून रकाने तपासत आणि 'शेरा'मध्ये घालायला मजकूर सांगत: भरतीक चलात, ओहोटीक नाय.

सहा महिने संपले तेव्हा यादी चार नावांवर आली होती. आबा रिकाम्या हातांनी विमानात बसले, पण हताश नाही. "घाई करू नको," ते भाऊंना म्हणाले. "नीट बघान घी."

हल्ली रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल असतो. परवा मी तिथे होतो. इकडे भाऊ, तिकडे आबा, मधे चुंबकी की केंद्रोत्सारी हा वाद. तेवढ्यात देवगडच्या बाजूने, मागून, आईंचा आवाज आला: "बाजारात ताजे बांगडे इलेत, तुमी जातास काय?"

"वायच थांब," आबा म्हणाले, "आमी ब्रेकवर इलंव."