कागदोपत्री कागद

देशाला कागद कमी पडू नये म्हणून केंद्र सरकारने १९७० मध्ये हिंदुस्तान पेपर कॉर्पोरेशन काढले. आसामात बांबू मुबलक, म्हणून जागीरोड आणि पंचग्राम इथे गिरण्या उभ्या राहिल्या. पंचग्रामची धडधड २०१५ मध्ये थांबली, जागीरोडची २०१७ मध्ये. कागद निघेनासा झाला, खप मात्र चालूच राहिला: थकलेल्या पगाराचे अर्ज, पुनरुज्जीवनाचे प्रस्ताव, स्मरणपत्रे, त्यांवर शेरे. २०१९ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला. तोही अर्थात कागदावरच. २०२४ मध्ये जागीरोडच्या गिरणीच्या जागेवर सेमीकंडक्टर प्रकल्पाची पायाभरणी झाली. लगद्याच्या जागी आता चिप. परवानग्यांच्या फायलींपुरता कागद तेवढा बाहेरून मागवायचा.