उघडी मूठ

केमला मामांकडे जाताना खिशात नवा चाकू होता. मिटवायचा, आणि मूठ आरपार. आतल्या पितळी पट्ट्या, पाठीची स्प्रिंग, मिटून निजलेलं पातं, सगळं बाहेरून दिसायचं. जेऊर येईपर्यंत मी तो पाच-सहा वेळा उघडून मिटवला. शेजारचे गृहस्थ तेवढ्यात दोनदा सरकून बसले.

मामांचा कुंकवाचा कारखाना. केममध्ये पाहुण्याला घर सांगताना 'कुंकवाचा कारखाना' एवढीच खूण देऊन भागत नाही, कोणाचा ते सांगावं लागतं. मामांनी चाकू उजेडाकडे धरला. एक डोळा मिटून आत पाहिलं.

"झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत्यात. ही तर उघडीच. कितीला दिली रं?"

मी किंमत निम्मी करून सांगितली.

"लई घेतलं," मामा म्हणाले.

मग मला मुठीची बाजू घेणं भागच पडलं. अमेरिकेतल्या कँटन गावचे कारागीर पारदर्शक सेल्युलॉइडच्या मुठीखाली चित्रं बसवून चाकू विकायचे. पुढे ॲक्रिलिक आलं. प्लेक्सिग्लास हे त्याचं नाव जर्मनीत १९३३ साली नोंदलं गेलं. ते सुमारे ९२ टक्के उजेड आरपार सोडतं, साध्या काचेपेक्षा कांकणभर जास्तच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिक मोडक्या विमानांच्या खिडक्या कापून पिस्तुलाला मुठी करायचे आणि आत प्रेयसीचा फोटो ठेवायचे.

"आन् बायकोचा?" मामांनी विचारलं. याचं उत्तर मजजवळ नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुठीत कुंकू दिसलं. कारखान्यातलं पांढरं मांजरसुद्धा गुलाबी असतं, तिथे माझा खिसा कसा सुटणार? पट्टी आणि मूठ यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीतून भुकटी आत गेली होती आणि रिबिटीभोवती ठसठशीत टिकली होऊन बसली होती.

खरं तर मळ कुठल्या चाकूत जात नाही? मामांचा चाकू शिसवी मुठीचा. पोत्यांची सुतळी कापायची, त्याच पात्याने कांदा चिरायचा, गुळाचा खडा फोडायचा, पात्याचा चिकटपणा धोतराला पुसायचा आणि खट्‌कन मिटवायचं. त्याच्या पोटात किती वर्षांचं कुंकू, सुतळीचे धागे आणि तंबाखू साठली असेल, देव जाणे. पण त्याला कोणी मळका म्हणत नाही. 'जुना, कामाचा' म्हणतात.

मला मात्र राहवेना. कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेतलं आणि मूठ पुसली. ॲक्रिलिकला स्पिरिट सोसत नाही, ही माहिती मला नंतर मिळाली. मुठीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा उमटल्या. कुंकू जिथल्या तिथे. उलट थोडं ओलसर होऊन आणखी खुललं.

मामांनी चाकू पुन्हा उजेडाकडे धरला. "आता आतलं कायबी दिसंना," ते समाधानाने म्हणाले. "आता चाकू झाला."

निघताना मामींनी कुंकवाची पुडी दिली. तिची सुतळी मामांनी आपल्याच चाकूने कापली.