सोळाव्या कलमास अनावृत पत्र

मु. पो. मारुंजी, ता. मुळशी

मा. सोळावे कलमसाहेब,


आपला मुक्काम पॉलिसीच्या बारीक टायपात असला, तरी कॅन्सरच्या रुग्णापुढे आपल्याएवढा मोठा अधिकारी दुसरा नाही. विमा नियामक प्राधिकरणाने 2019 मध्ये वगळायच्या बाबींची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली आणि ‘सिद्ध न झालेले उपचार’ हे खाते सोळाव्या क्रमांकावर आपल्याकडे आले. ज्या उपचाराच्या परिणामकारकतेला पुरेसा वैद्यकीय लेखी आधार नाही, त्याचा खर्च नाकारायचा, एवढाच आपला अधिकार. भोंदू औषधे अडवायला नेमलेला पहारेकरी रेडिएशन विभागाच्या दारात काठी आपटू लागला, की त्याची नेमणूक पुन्हा वाचून दाखवावी लागते. गंमत अशी, की त्याच मार्गदर्शक सूचनांत कंपन्यांनी वगळू नयेत अशा बारा आधुनिक उपचारांची यादी आहे आणि तिच्यात स्टिरिओटॅक्टिक रेडिओसर्जरी, म्हणजे गाठीवर अचूक नेम धरून केलेला किरणोपचार, आहे. रुग्ण दाखल असो वा डे केअरमध्ये, गरज असेल तिथे ती द्यायची आहे. म्हणजे ‘हे प्रायोगिक आहे’ आणि ‘चोवीस तास दाखल नव्हते’ ही दोन्ही ठरलेली उत्तरे तिथे लागू पडत नाहीत.

आपण म्हणाल, प्रोटॉन थेरपी त्या यादीत कुठे आहे? नाही, हे खरे. पण यादीत नाव नसणे आणि आधार नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या थेरपीत प्रोटॉन ठरावीक खोलीवर थांबतो आणि पलीकडच्या निरोगी भागाला किरणांची मात्रा जवळजवळ पोचतच नाही. लहान मुलांच्या मेंदूच्या गाठीत याचे मोल मोठे आहे. अणुऊर्जा विभागाच्या छत्राखालील टाटा स्मारक केंद्राने खारघरला 2023 पासून याच किरणांनी उपचार सुरू केले आहेत. सरकारने स्वतः उभारलेली यंत्रणा कंपनीला एका ओळीत ‘असिद्ध’ ठरवता येते, ही आपली लेखणी खरोखर समर्थ! मात्र उलट बाजूही मांडली पाहिजे. प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या तुलनात्मक चाचणीत प्रोटॉन आणि नेहमीचे क्ष-किरणांचे रेडिएशन (आयएमआरटी) यांत रुग्णाच्या जीवनमानाचा फरक आढळला नाही. तिथे महागडा पर्याय नाकारला, तर आपली बाजू भक्कम आहे. यातून निघते ते इतकेच, की उपचार सिद्ध की असिद्ध हे गाठ आणि रुग्ण पाहून ठरते, यंत्राचे नाव पाहून नव्हे.

दुसरा आक्षेप हप्त्याचा. सगळे मंजूर केले तर सर्वांचा हप्ता वाढेल, ही भीती खोटी नाही. हिंजवडीच्या कंपन्यांचे ग्रुप मेडिक्लेम काढणाऱ्यांना ती चांगली ठाऊक आहे. पण त्यावर उपाय म्हणजे अशा उपचारांच्या खर्चमर्यादेचा आकडा पॉलिसीत ठळक छापणे. मर्यादा हा व्यवहार आहे, ग्राहक तो पाहून सही करतो. ‘असिद्ध’ हा वैद्यकीय निष्कर्ष आहे आणि निष्कर्ष काढणाऱ्याने आधार द्यावा. डॉक्टर स्कॅन, बायोप्सी, मात्रेचा आराखडा जोडतात. नकारपत्राला मात्र आपला क्रमांक पुरतो. विमा प्राधिकरणाच्या 29 मे 2024 च्या परिपत्रकानुसार कंपनीच्या दावे तपासणाऱ्या समितीच्या मंजुरीविना दावा फेटाळता येत नाही. त्या समितीत रेडिएशनचा जाणकार होता का आणि त्याने कोणता अभ्यास वाचला, हे दोन ओळींत लिहायला किती शाई लागते?

तोवर वाचकांनी एवढे करावे: नकार लेखी घ्यावा, डॉक्टरांकडून या रुग्णाला हाच उपचार का, याचे पत्र घ्यावे आणि कंपनीकडे तक्रार नोंदवावी. महिन्यात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर पुण्यात नारायण पेठेत विमा लोकपालांचे कार्यालय आहे. पन्नास लाखांपर्यंतची तक्रार तिथे चालते, ग्रुप पॉलिसीचीही. शुल्क नाही, वकील लागत नाही. अर्ज मात्र कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत करावा.

कळावे,
एक हप्तेकरी