रिले टाकलाय का?

कोणाच्या मोटारसायकलला जादा दिवे दिसले की आमच्या सोसायटीतले रिलेपंत आधी गाडीशी वाकतात. मालकाशी ओळख नंतर. 'रिले टाकलाय का?' मालक 'म्हणजे?' म्हणाला की त्याची संध्याकाळ गेलीच.

असा एक पंत पुण्यात सोसायटीगणिक सापडतो. वय पंचेचाळीसच्या आसपास, नोकरी बैठी, बुलेट घेतली लडाखला जायला, जाते हिंजवडीला. दिव्यांवर कायम झाकणं. शहरात ते लावणं त्यांना असभ्यपणाचं वाटतं, आणि शहराबाहेर गाडी फारशी जात नाही.

दिवे नाना पेठेतले. वायर, थिंबल आणि स्लीव्ह मात्र तपकीर गल्लीतूनच. एकाच फेरीत दोन्ही उरकणं तत्त्वात बसत नाही. फिटरला ते गाडीला हात लावू देत नाहीत, कारण तो हेडलाइटची वायर सोलून तिथेच जोड मारतो आणि वर चिकटपट्टी गुंडाळतो. चिकटपट्टी हा शब्द पंत 'लाचखोरी'च्या सुरात उच्चारतात.

रविवारी सकाळी सीट आणि टाकी उतरते. वीस वॉटचे दोन दिवे, बारा व्होल्ट, म्हणजे साडेतीन अँपिअरच्या आत. म्हणून फ्यूज पाचचा, आणि तोही बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात. मग रिलेचे चार पाय : ३० ला बॅटरी, ८७ ला दिवे, ८५ ला अर्थ, ८६ ला चावी फिरवल्यावर जिवंत होणारी वायर. हँडलवरच्या बटणातून रिलेपुरता चिमूटभर करंट जातो, खरा भार रिले उचलतो. (हे मी कुठे वाचलेलं नाही. पार्किंगमधून जाता-येता कानावर पडतं.) लेगगार्डवरच्या नटांना लॉकटाइट, कारण बुलेटच्या थरथरीपुढे साधा नट टिकत नाही.

जोडावर काळी स्लीव्ह सरकवून गरम हवा मारली की ती आकसून वायरीला घट्ट बसते. हीट गन घ्यायचं ठरलंय, अभ्यास चालू आहे. तोवर वहिनींचा हेअर ड्रायर. गॅलरीतून हाक येते, 'अहो, मुहूर्त बाराचा आहे, केस वाळवायचेत!' 'दोन मिनिटं, अर्थचा जोड राहिलाय!' वहिनी ओल्या केसांनी लग्नाला जातात.

मग बटण. सीटखाली 'टक्' होतं. 'ऐकलंत?' आम्ही दिव्यांकडे बघत असतो, पंत सीटला कान लावून. पुन्हा टक्. दिवे लागले की नाही, हे त्यांनी अजून पाहिलेलंच नसतं.

समोरच्याच्या डोळ्यांत झोत जाऊ नये म्हणून भिंतीपासून पंचवीस फुटांवर गाडी लावून, खडूची रेघ मारून, झोत तिच्याखाली बसवला जातो. एवढी काळजी रस्त्यावर दुसरं कोणी घेत नाही, हे मान्य करायला हवं. मुलांनी त्या रेघेला दोन उभ्या रेघा जोडून स्टंप केलेत. धुक्यात पिवळा बरा की पांढरा यावरून पंतांनी दोन मित्र गमावले. पंतांच्या मते रंगापेक्षा दिवा खाली असणं आणि झोत पसरट असणं महत्त्वाचं. दुर्दैवाने त्यांचं बरोबर आहे.

१ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप लागतो. तरी समोरून येणारे लोक पंजा उघडमीट करून 'दिवा चालू आहे' अशी खूण करतात. आपण मान डोलावून पुढे जातो. पंत सिग्नलला गाठून नियम समजावतात.

पावसाळ्यात ताम्हिणीला गेलो. पहाटे नव्हे, चांगलं उजाडल्यावर. तीन वाजता पंत परतायची घाई करू लागले. 'घाटात अंधार व्हायच्या आत उतरलेलं बरं.' मी दिव्यांकडे बोट दाखवलं. 'ते इमर्जन्सीला.'

इमर्जन्सी एकदा आली. ऐन मे महिन्यात रात्री सोसायटीचं मेन पॅनल गेलं. पंतांनी बुलेट पॅनलसमोर आणून इंजिन चालू ठेवलं, झाकणं काढली आणि वायरमनच्या खांद्यावरून आत वाकून पाहिलं. 'थिंबल नाही? नुसती पिळलेली वायर?'

'काका, ते राहू द्या. उजेड जरा डावीकडे घ्या.'

दिवा तसूभर हलेना. लॉकटाइट. शेवटी आम्ही चौघांनी मिळून जवळपास दोनशे किलोची बुलेट उचलून डावीकडे केली.